चकती आणि चिमटा : थांबण्याचा इतिहास

मोटारीचा इतिहास आपल्याकडे वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कुणाची गाडी ताशी किती मैल धावली, कुठल्या इंजिनात किती घोड्यांचं बळ होतं, कुठल्या संस्थानिकाने कुठलं मॉडेल मागवलं, याच्या हकिकती भरपूर मिळतात. ती गाडी थांबायची कशी, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. घोड्याच्या बाबतीत आपण असे नव्हतो. फारसीतून मराठीत आलेला ‘लगाम’ हा शब्द आपण घोड्याबरोबरच जिभेला, खर्चाला आणि सत्तेलाही लावला. आवरण्याची कदर भाषेने केली, मोटारीच्या इतिहासाने मात्र फारशी केली नाही.

आमचं लाखनी मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे. जुने लोक अजून त्याला ‘सहा नंबर’ म्हणतात, कागदोपत्री तो आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. गावाच्या डोक्यावरून उड्डाणपूल गेला आणि लांबची वाहने वरच्या वर निघून जाऊ लागली. आमच्याच तालुक्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, तिथे ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. जिल्ह्यात भंडाऱ्याला हिंदुस्थान कॉम्पोझिट्सचा कारखाना आहे, तिथे घर्षणाचा माल बनतो, म्हणजे ब्रेकमध्ये झिजण्यासाठीच जन्माला येणारा पदार्थ. गाडीला पळवणारी वस्तू आणि गाडीला थांबवणारी वस्तू, दोन्ही या धानाच्या जिल्ह्यात तयार होतात. भंडारा जिल्हा म्हटलं की तलाव, तांदूळ आणि पितळेची भांडी आठवणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं.

मी या विषयाकडे वळलो तो मात्र एका शब्दामुळे. माझा एक जुना विद्यार्थी नागपुरात गॅरेज चालवतो. एक दिवस त्याचा फोन आला. “सर, कॅलिपरला मराठीत काय म्हणतात? आणि उर्दूत?” त्याच्याकडे एक जुनी दोन आसनांची स्पोर्ट्स कार ब्रेकच्या कामासाठी आली होती आणि कोटेशन मराठीत हवं, असा मालकाचा हट्ट होता. मी म्हणालो, “चिमटा लिही, चालेल.” तो हसला. म्हणाला, “चिमटा लिहिलं तर त्याला वाटेल दहा रुपयांची वस्तू आहे.”

शब्दाची वाट

फोन ठेवल्यावर मी शब्दकोश काढले. कॅलिपर हा शब्द कॅलिबर या शब्दाचंच बदललेलं रूप आहे, असं भाषेचे अभ्यासक मानतात. कॅलिबर इंग्रजीत आला फ्रेंचमधून. त्याच्या मागे अरबीतला ‘कालिब’ आहे असं सर्वसाधारण मत आहे. कालिब म्हणजे साचा. या अरबी शब्दाचं मूळ ग्रीक भाषेतल्या ‘चांभाराचा लाकडी पाय’ या अर्थाच्या शब्दात शोधतात. जोडा ज्यावर शिवतात तो लाकडी ठोकळा म्हणजे हा लाकडी पाय. आपल्याकडे त्याला ‘कालबूत’ म्हणतात.

उर्दू वाचणाऱ्याला कालिब अनोळखी नाही. उर्दूत कालिब म्हणजे देह, रूह ज्यात राहते तो साचा. ‘एक जान दो कालिब’ ही म्हण जिवलग मित्रांसाठी वापरतात : जीव एक, देह दोन. ब्रेकचा कॅलिपर पाहिलेल्या माणसाला ही म्हण ऐकून गंमत वाटेल. मधे फिरणारी एक चकती, तिच्या दोन बाजूंना दोन पॅड आणि दोघांना एकाच वेळी दाबणारा एकच दाब. मी विद्यार्थ्याला हे कळवलं. त्याने कोटेशनमध्ये ‘कॅलिपर’ असंच लिहिलं आणि ते बरोबरच होतं.

चांभाराच्या ठोकळ्यावरून पुढची गोष्ट सुचते. ड्रम ब्रेकच्या आत अर्धगोल आकाराचे जे दोन तुकडे असतात त्यांना मिस्त्री ‘ब्रेक शू’ म्हणतात, म्हणजे चक्क बूट. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने १८९७ साली ब्रेकच्या अस्तराचा धंदा सुरू केला. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावर माल उतरवणारे गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधत, ते पाहून फ्रूडला कल्पना सुचली, असं सांगतात. लाकूड लोखंडावर घासलं की जळतं किंवा घसरतं, चामडं पकडून धरतं. फ्रूडने आपल्या नावाची अक्षरं उलटसुलट केली, त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावाचं पहिलं अक्षर मिसळलं आणि ‘फेरोडो’ हे नाव तयार केलं. हे नाव आजही ब्रेक पॅडच्या डब्यांवर दिसतं. आमच्या जिल्ह्याशी त्याचा काय संबंध आहे, ते पुढे येईल.

ड्रम आणि चकती

मोटारी नव्या होत्या तेव्हा ब्रेकच्या दोन कल्पना जवळजवळ एकाच वेळी पुढे आल्या. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक व्यवस्थित रूपात आणला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती आणि तिला दोन बाजूंनी चिमटणारे तुकडे, ही आजची कल्पना तेव्हाच कागदावर होती. पण लँचेस्टरचे तुकडे तांब्याचे होते. ते असे किंचाळायचे की रस्त्यावरचे लोक दचकायचे. शिवाय तेव्हाचे रस्ते धुळीचे होते आणि चकती उघडी असल्याने ती धूळ थेट ब्रेकमध्ये जाई. ड्रम बंद डब्यासारखा, आतलं काम झाकलेलं. पुढची पन्नास वर्षं ड्रमचीच झाली. १९२१ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूसनबर्ग गाडीला चारही चाकांवर तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक आले, पण तेही ड्रमच होते.

ड्रमचा एक गुण आहे आणि तोच त्याचा अवगुणही आहे. चाक फिरताना पुढचा शू स्वतःच ड्रममध्ये ओढला जातो आणि अधिक घट्ट बसतो. त्यामुळे पायाचा जोर कमी लागतो. पण तापला की ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो. डब्यात उष्णता कोंडते, अस्तराची पकड सुटते आणि पेडल खाली जात राहतं. घाट उतरणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला हा अनुभव समजावून सांगावा लागत नाही. खंडाळ्याच्या उतारावर जुने ड्रायव्हर नव्या पोराला पहिला धडा देतात तो हाच : ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर, पायावर भरवसा ठेवू नकोस. चकती मात्र तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच सरकते. ती उघडी असल्याने वारा तिला थंड करतो, आणि पाणी पडलं तर फिरता फिरता ते उडून जातं.

हा फरक जगाला दिसला तो शर्यतीत. १९५२ च्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉसने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप चालवली. तिच्यात शेजारच्या सीटवर नॉर्मन ड्युइस होता. हे ब्रेक महिनोन्महिने चालवून, जाळून, पुन्हा बसवून तयार करण्याचं कष्टाचं काम ज्यांनी केलं त्यांत तो होता. १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी याच जातीच्या गाडीत जिंकली आणि त्या शर्यतीत सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेला. तिथला सरळ रस्ता सुमारे ६ किलोमीटरचा होता. त्याच्या टोकाला प्रतिस्पर्ध्यांना आधीच ब्रेक दाबावा लागे, जॅग्वारवाले पुढे जाऊन दाबत. जे उशिरा थांबू शकत होते ते जास्त वेळ पळू शकत होते. १९५५ च्या सित्रोएन डीएसमधून आणि १९५६ च्या ट्रायम्फ टीआर ३ मधून डिस्क ब्रेक साध्या ग्राहकापर्यंत पोचला. १९५७ ची जॅग्वार एक्सके १५० सुद्धा चकत्यांवर आली. तिच्या आधीच्या, ड्रमवाल्या एक्सके १२० चे मालक आजही आपल्या गाडीला चकत्या बसवून घेतात. म्हणजे जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक सुधारण्याचा उद्योग काही आजचा नाही. ती गाडी जितकी जुनी, तितकाच हा उद्योगही जुना.

आपल्याकडच्या गाड्या

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० आणि तिचीच पुढची पिढी, प्रीमियर पद्मिनी, यांनी महाराष्ट्राची दोन पिढ्या सोबत केली. बहुतेक पद्मिनींना चारही चाकांवर ड्रमच होते. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, कारण शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ ची होती आणि वीस वर्षांची मर्यादा संपली. कित्येक ड्रायव्हरांनी आयुष्यभर त्या ड्रमांच्या भरवशावर माणसं पोचवली. परदेशात चकती आली म्हणून आपल्याकडे ती आली असं झालं नाही. परवान्यांच्या काळात मॉडेल दशकानुदशके तेच राहायचं. १९६२ साली मद्रासला ब्रेक्स इंडिया ही कंपनी उभी राहिली, टीव्हीएस आणि ब्रिटनच्या लुकास-गर्लिंगच्या भागीदारीत. ब्रेकचे सुटे भाग देशात बनू लागले, तरी मागणी होती ती त्याच जुन्या गाड्यांची.

मराठी मुलखात स्पोर्ट्स कार झाल्याच नाहीत असं नाही. नव्वदीच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनी उघडी गाडी काढली. अंग फायबरचं आणि इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. अलिबागजवळ कार्लेखिंडला चिंकारा मोटर्सने ‘रोडस्टर’ बनवली, तिला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन होतं, म्हणजे काँटेसावाल्यांच्या ओळखीचं. दोन्ही गाड्या थोड्याच बनल्या. अशी गाडी आज ज्याच्या दारात आहे त्याच्यापुढे अडचण एकच : सुटे भाग. कंपनी नाही, डीलर नाही, म्हणून मग दुसऱ्या गाडीची चकती, तिसऱ्या गाडीचा कॅलिपर आणि मिस्त्रीच्या डोक्यातलं गणित.

गंमत अशी की भाग बनवणारा कारखाना आता दूर राहिलेला नाही. इटलीतल्या बेर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेली ब्रेम्बो ही कंपनी १९७५ पासून फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांना ब्रेक पुरवू लागली. तिचा कारखाना आज पुण्याजवळ चाकणला आहे. तिथे दुचाक्यांचे ब्रेक बनतात. ल मान्सला जी वस्तू जादू वाटली होती ती आज आमच्या लाखनीच्या बाजारात, शेतकऱ्याच्या पोराच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकावर चमकते.

नागपूरच्या गॅरेजातलं गणित

विद्यार्थ्याच्या गॅरेजात मी दोनदा गेलो. मालकाचं नाव आणि गाडीचं नाव दोन्ही सांगत नाही, ती त्यांची खासगी बाब आहे. गाडीला पुढे सपाट, लहान चकत्या आणि मागे ड्रम. मालकाने इंजिन आधीच जोरदार करून घेतलं होतं. आता त्यांना हव्या होत्या २८ सेंटीमीटरच्या, भोकं पाडलेल्या चकत्या आणि चार पिस्टनचे लाल कॅलिपर. फक्त पुढे. मोबाइलवर फोटो तयार होता.

विद्यार्थ्याने नाही म्हटलं. त्याचं कारण त्याने मला लेथ मशीनशेजारी खडूने जमिनीवर लिहून दाखवलं. शाळेत असताना गणितात तो काठावर पास व्हायचा, म्हणून मी ते जास्तच लक्ष देऊन पाहिलं.

पहिली गोष्ट उष्णतेची. गाडी आणि माणसं मिळून वजन १००० किलो धरा. ताशी १०० किलोमीटर वेगात तिच्यात जी ऊर्जा असते ती सुमारे ३८६ किलोज्यूल, म्हणजे सव्वा लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी. ती सगळी काही सेकंदांत ब्रेकमध्ये ओतायची असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणून ५० च्या वेगाला नीट चालणारा ब्रेक १०० ला कमी पडू शकतो. यातली बरीचशी उष्णता पुढच्या दोन चकत्यांवर येते. दोन्ही मिळून १० किलो लोखंड असेल तर एकदा थांबण्यात ते साधारण ६० अंशांनी तापतं. एकदा थांबलात तर काहीच नाही. घाटात मिनिटामिनिटाला थांबलात तर ब्रेक ऑइल उकळण्यापर्यंत मजल जाते. डॉट ३ जातीचं तेल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकलं पाहिजे असा दंडक आहे, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फळीला टेकतं तरी गाडी चालतच राहते. म्हणून मोठी, जड, मधून पोकळ चकती चांगली. इथपर्यंत मालकाचं बरोबर होतं.

दुसरी गोष्ट जोराची. जुन्या चकतीचा व्यास २४ सेंटीमीटर. पॅड जिथे दाबतो ते अंतर मध्यापासून साडेनऊ सेंटीमीटर. नव्या चकतीत ते साडेअकरा होणार, म्हणजे त्याच दाबात सुमारे २० टक्के जास्त पकड. शिवाय जुन्या कॅलिपरमध्ये ४८ मिलिमीटरचा एक पिस्टन, नव्यात प्रत्येक बाजूला ३८ मिलिमीटरचे दोन. क्षेत्रफळ काढलं तर नव्याचा जोर सव्वापट. दोन्हींचा गुणाकार केला तर पुढची चाकं पूर्वीपेक्षा दीडपट आवळली जाणार आणि मागची होती तशीच.

“मग काय बिघडलं? लवकर थांबेल,” मी म्हणालो.

“सर, गाडी ब्रेकने नाही थांबत. टायरने थांबते.”

हे वाक्य मी त्याच्याकडून शिकलो. ब्रेक चाकाला आवळतो, रस्त्याला धरतो तो टायर. जुना ब्रेकही चांगला असेल तर जोरात दाबल्यावर चाक लॉक करू शकत होता. पहिल्या थांबण्यात मोठ्या चकतीने अंतर कमी होत नाही, दहाव्या थांबण्यात होतं, कारण तोवर लहान चकती दमलेली असते. आणि पुढच्या चाकांना दीडपट जोर दिला तर ती लवकर लॉक होतात, मागच्या टायरांची पकड वापरलीच जात नाही, स्टिअरिंग ऐकेनासं होतं. उलट मागचा जोर वाढवला तर ते त्याहून वाईट, कारण मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गरकन फिरते. कारखान्यात हा समतोल ठरवायला लोक वर्षं घालवतात. मालक तो एका दुपारी मोडायला निघाले होते. नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं आहे, चाक लॉक होऊ लागलं की ते स्वतः दाब सोडतं. या जुन्या गाडीत ते काम ड्रायव्हरच्या पायालाच करायचं होतं.

बाकीच्या गोष्टी त्याने भराभर सांगितल्या. पिस्टन मोठे म्हणजे तेल जास्त लागणार, म्हणजे मास्टर सिलिंडर तोच ठेवला तर पेडल खोल जाणार. २८ ची चकती आणि तिचा कॅलिपर जुन्या १३ इंची चाकात मावणारच नाही. भोकं पाडलेली चकती फोटोत छान दिसते, पण वारंवार तापून थंड झाली की भोकांच्या कडेला चिरा पडतात. आणि कायद्याचाही प्रश्न आहे : मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही, म्हणून चाकं किंवा रचना बदलण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

शेवटी ठरलं ते असं. पुढे २६ सेंटीमीटरच्या, मधून पोकळ, भोकं नसलेल्या चकत्या. जुन्याच्या जवळपास क्षेत्रफळाचे कॅलिपर. १४ इंची चाकं. चांगल्या जातीचे पॅड. जुन्या फुगणाऱ्या रबरी नळ्या काढून नव्या. तेल डॉट ४. मागच्या ड्रमांना नवे शू, आणि ड्रम लेथवर साफ करून नीट अ‍ॅडजस्ट. जोर फक्त दहा टक्क्यांनी वाढला, उष्णता सोसण्याची ताकद मात्र बरीच. मालक आधी नाराज झाले. लाल रंग कुठेच नव्हता. दुसऱ्या एका ठिकाणी याहून कमी पैशात फोटोतलं सगळं बसवून मिळत होतं. विद्यार्थी म्हणाला, “तिथे बसवा, पण मग बिलावर माझं नाव नको.” त्या महिन्यात त्याला दुकानाचं भाडं भरायचं होतं, हे मला माहीत होतं. मालक दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि हो म्हणाले.

काम झाल्यावर पहाटे शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने गाडी काढली. ६० वरून २० वर, पूर्ण न थांबता, दहा वेळा, मधे थंड होऊ देत. पॅडचा पातळ थर चकतीवर सारखा बसावा म्हणून हे करावं लागतं. “नवी जोडी आहे, सर. एकमेकांशी ओळख व्हायला वेळ द्यायचा.” एक जान दो कालिब, मी मनात म्हटलं.

धूळ

या गॅरेजात एक गोष्ट वेगळी दिसली. मागचा ड्रम उघडल्यावर पोऱ्याने हवेचा पाइप उचलला नाही. आधी पाण्याने भिजवलं, मग ओल्या फडक्याने पुसलं. बाकी गॅरेजांत सर्रास हवेच्या झोताने ड्रममधली काळी धूळ उडवतात आणि ती अख्ख्या दुकानाच्या नाकात जाते.

इथे फ्रूडची गोष्ट परत येते. चामडं आणि कापूस उष्णतेला टिकेनात तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. हा दगडाचा धागा जळत नाही. लँचेस्टरचं किंचाळणं आणि ड्रमचं जळणं दोन्ही त्याने शमवलं, आणि जगभरच्या गाड्या पुढची सत्तरेक वर्षं याच धाग्यावर थांबल्या. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो या नावाने कारखाना चालला. तीच कंपनी पुढे हिंदुस्थान कॉम्पोझिट्स झाली आणि तिचा एक कारखाना आमच्या भंडारा जिल्ह्यात आला. डर्बीशायरच्या गाडीवानाच्या बुटापासून भंडाऱ्यापर्यंतची वाट ही अशी आहे.

त्या धाग्याची किंमत कामगारांच्या फुप्फुसांनी दिली. अ‍ॅस्बेस्टॉसची सूक्ष्म तंतुमय धूळ श्वासातून आत जाते, बाहेर येत नाही, आणि आजार वीस-तीस वर्षांनी उघड होतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात निकाल दिला की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जे उशिरा असेल तोवर जपाव्यात, असा आदेश झाला. आजार उशिरा येतो, म्हणून कागदही तितके दिवस टिकले पाहिजेत, हे न्यायालयाने ओळखलं.

पण हा निकाल कारखान्याच्या कामगारासाठी होता. गॅरेजातल्या पोऱ्याची नोंद कुठल्या रजिस्टरात असते? उस्ताद-शागिर्दांच्या या धंद्यात पगारपत्रक नाही, हजेरी नाही. माझ्या वर्गातून दरवर्षी एक-दोन मुलं दहावीनंतर थेट गॅरेजात जातात. विद्यार्थ्याचा उस्ताद आयुष्यभर तोंडाला रुमालही न बांधता ड्रम फुंकत राहिला आणि म्हातारपणी दहा पावलं चालला तरी धापा टाकायचा. कशाने, ते कुणी तपासलं नाही. आजचे चांगल्या कंपन्यांचे पॅड अ‍ॅस्बेस्टॉसविना बनतात. पण जुन्या गाडीच्या ड्रममध्ये वीस वर्षांपूर्वीचं काय बसलं आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि सुट्या, बिनानावाच्या मालाचा तर प्रश्नच नको. जुनी गाडी उघडणाऱ्याने म्हणूनच धूळ भिजवावी, फुंकू नये. एक मग पाणी लागतं, एवढाच खर्च.

दुसऱ्याचा ब्रेक

ल मान्सच्या इतिहासात डिस्क ब्रेकच्या विजयानंतर दोनच वर्षांनी एक काळा दिवस आहे. ११ जून १९५५. माइक हॉथॉर्नची जॅग्वार पिटमध्ये वळण्यासाठी अचानक मंदावली. मागून येणाऱ्या लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला तिला टाळण्यासाठी बाजूला व्हावं लागलं. तिच्यावर पिएर लेव्हेची मर्सिडीज आदळली आणि प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्यात लेव्हे स्वतःही होता. दोष कुणाचा यावर आजही वाद चालतो. त्या दिवशी मैदानात ब्रेक चांगलेच होते. मात्र तिघांपैकी प्रत्येकाला आपल्या थांबण्यापुरतं दिसत होतं आणि प्रेक्षकांना तर काहीच दिसत नव्हतं, असं त्या हकिकती वाचताना मला वाटत राहतं.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, असा केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. त्यातल्या बहुतेकांचा स्पोर्ट्स कारशी काही संबंध नव्हता. ती सायकलवर होती, पायी होती, मोटारसायकलवर तिघं बसलेली होती. आपल्या गाडीचा ब्रेक आपल्यासाठी असतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो समोर असलेल्या माणसासाठी असतो आणि त्या माणसाला तो निवडता येत नाही. नागपूरच्या त्या मालकांनी लाल कॅलिपर सोडले, तेव्हा त्यांनी कुणाचं तरी भलं केलं. कुणाचं, हे त्यांनाही कधी कळणार नाही.

परवा विद्यार्थ्याचा निरोप आला. दुसरी एक जुनी गाडी आली आहे, तिलाही लाल कॅलिपर हवेत. त्याने आता गॅरेजच्या भिंतीवर खडूने तेच गणित कायमचं लिहून ठेवलं आहे, मराठीत आणि खाली उर्दूत. माझ्याकडून फक्त उर्दूचं शुद्धलेखन तपासून हवं होतं. एकच नुक्ता राहिला होता.